दिघेकाकांची हिरवी शाई

दिघेकाका एकाच कागदावर दोन माणसं असतात. निळ्या शाईत बाबू आणि हिरव्या शाईत साहेब.

मी वाढवून सांगत नाहीये. ग्वाल्हेरच्या खासगी बाजार नावाच्या वस्तीत आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहतो आणि आमच्या दारासमोर काकांचं घर आहे. सरकारी दफ्तरात छत्तीस वर्षं काढून ते बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून, म्हणून निवृत्त झाले. दफ्तराची रीत अशी की बाबूने आधी नोटशीट लिहायची, म्हणजे प्रकरण काय आहे ते मांडायचं, आणि साहेबांनी खाली हिरव्या शाईने आदेश द्यायचा. काका निवृत्त झाले, रीत झाली नाही. न्हाणीघरातला गीझर बिघडला तेव्हा त्यांनी निळ्या पेनने लिहिलं, ‘गीज़र खराब है। मरम्मत हो या नया लिया जाए, आदेशार्थ प्रस्तुत।’ दफ्तर हिंदीत चालायचं, म्हणून गीझरही हिंदीत. मग उठून त्यांनी चहा केला, तो शांतपणे प्यायले, दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले आणि हिरव्या पेनने खाली लिहिलं, ‘चर्चा करें।’

हिरवा पेन त्यांनी निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी विकत आणला. नोकरीत असताना ती शाई वापरायचा त्यांना अधिकार नव्हता.

तर ‘चर्चा करें’ असा आदेश आला की काका खरोखर चर्चा करतात. पूर्वी ती काकूंशी व्हायची. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, “अहो, नवा घ्या,” आणि प्रकरण निकाली निघायचं. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. आता काका नोटशीट घेऊन गल्ली ओलांडतात आणि आमच्या दारात उभे राहतात.

“जगदाळे, चर्चा आहे.”

मला ते आडनावाने हाक मारतात. माझं नाव मनीषा आहे हे त्यांना चांगलं माहीत आहे, कारण माझा कॉलेजचा फॉर्म त्यांनीच तपासला होता. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. आई-बाबांना त्या फॉर्ममधलं काही कळत नव्हतं आणि मला कळतं असं मला वाटत होतं. काकांनी तो तीनदा परत केला. एकदा खाडाखोड म्हणून. एकदा दोन रकाने रिकामे म्हणून. “रकाना रिकामा सोडायचा नाही. काही नसेल तर ‘लागू नाही’ लिहायचं. रिकामा रकाना म्हणजे विसरलेला माणूस.” तिसऱ्या वेळी त्यांनी वडिलांच्या व्यवसायावर बोट ठेवलं. मी ‘नोकरी’ लिहिलं होतं. “कसली नोकरी? इंदरगंजात सोफ्यांना कापड चढवतात ना? मग ते लिही. वस्तुस्थितीला धरून असावं. त्यात लपवायचं काय?” मी ते लिहिलं. आजवर इतकं खरं मी कुठेच लिहिलं नव्हतं.

आता व्हिसाचं सांगते. काकांची मुलगी अनघाताई जर्मनीत असते. तिला मार्चअखेरीस बाळ व्हायचं होतं आणि बाबांनी आधी तिथे पोहोचावं असं तिला वाटत होतं. जानेवारीत काकांनी नोटशीट उघडली. ‘आवेदक वीज़ा हेतु स्वयं आवेदन करे अथवा एजेंट के माध्यम से, आदेशार्थ प्रस्तुत।’ चहा झाला. खुर्ची बदलली. ‘चर्चा करें।’

चर्चा तीन आठवडे चालली. मध्ये व्हिडिओ कॉलवर अनघाताई वैतागली. “बाबा, एजंटाला देऊन टाका ना. बाळ तुमच्या नोटशीटसाठी थांबणार नाहीये.”

“बाळाने तारीख लेखी कळवली आहे का?” काकांनी विचारलं.

फोन माझ्या हातात होता, त्यामुळे ताईचा चेहरा मलाच बघावा लागला.

काकांचा मुद्दा साधा होता. त्यांनी छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज तपासले. ज्या अर्जांना एजंटाचा हात लागलेला असे, ते त्यांना लांबूनच ओळखू येत. सगळ्यांचं अक्षर एक, सगळ्यांची अडचण एक. “आणि आता माझाच अर्ज मी तसा देऊ?” तरी प्रकरणाची दुसरी बाजू तपासायला हवी म्हणून एका शनिवारी आम्ही इंदरगंजच्या चौकातल्या एका एजंटाकडे गेलो.

एजंट हसतमुख होता. “अंकलजी, आप बस पासपोर्ट दे दीजिए. बाकी टेंशन हमारी.”

“टेंशन तुमचं, तर जर्मनीलाही तुम्हीच जाऊन या,” काका मराठीतच म्हणाले. मग हिंदीत त्यांनी एकोणीस प्रश्न विचारले. ते लिहून आणले होते. नवव्या प्रश्नाला एजंटाने चहा मागवला आणि चौदाव्याला मुलीच्या लग्नाची पत्रिका दाखवून त्यात काही चूक आहे का ते बघायला सांगितलं. दोन निघाल्या.

निघताना त्याने एक छापील पत्र नमुना म्हणून दिलं. व्हिसाच्या अर्जाबरोबर असं पत्र जोडतात. आपण कशाला जातोय आणि मुख्य म्हणजे परत का येणार, हे त्यात सांगायचं असतं. नाहीतर त्यांना वाटतं, हा तिथेच राहील. “यही सबका लगता है, अंकलजी. सिर्फ नाम बदलना है.”

घरी येऊन काकांनी मला ते वाचायला लावलं. इंग्रजी होतं. मी अडखळत अर्थ सांगत गेले. परत येण्याच्या कारणापाशी लिहिलं होतं की माझी पत्नी ग्वाल्हेरच्या घरी माझी वाट पाहत आहे.

मी थांबले. काकांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, चार घड्या केल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

“मजकूर चांगला आहे,” ते म्हणाले. “वस्तुस्थितीला धरून नाही, एवढंच.”

त्या संध्याकाळी हिरव्या शाईत आदेश आला. ‘स्वयं आवेदन करे।’

पुढचे दिवस माझे परीक्षेपेक्षा वाईट गेले. फोटोवाल्याने काकांच्या गालावरचा डाग पुसून दिला म्हणून फोटो परत गेला. “हा माणूस मी नाही. विमानतळावर याला सोडतील आणि मला धरतील.” एक दिवस मी गेले तर सगळी कागदपत्रं ओळीने मांडलेली, प्रत्येकाला पानक्रमांक घातलेला, फाइलची दोरी तयार, आणि काका पंचिंग मशीन पासपोर्टावर ठेवून नेम धरत होते. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अडवलं होतं. त्यांनी मशीन बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “फाइलबाहेरचा कागद हरवतो, जगदाळे. मी पाहिलंय.” शेवटी पासपोर्ट पाकिटात घालून पाकिटाला भोक पाडायचं ठरलं.

अर्ज द्यायला दिल्लीच्या व्हिसा केंद्राची मंगळवारची वेळ मिळाली. ती चुकली असती तर पुढची एप्रिलात होती, म्हणजे बाळ आधी आणि आजोबा नंतर. विमा, बँकेचे कागद, अनघाताईचं निमंत्रण, सगळं तयार झालं. राहिलं ते पत्र. त्यातही एकच परिच्छेद. परत का येणार.

“घर आहे, असं लिहू या,” मी म्हटलं.

“घराला कुलूप लावता येतं.”

“पेन्शन?”

“ती आपली आपली खात्यात जमा होते. तिथे बसूनही होईल.”

“नातेवाईक?”

“चुलतभाऊ इथेच थाटीपुरात. दिवाळीला भेटतो. भेटलाच तर.” काकांनी चष्मा काढला. “मी तिथला बाबू असतो ना, तर हा अर्ज परत केला असता. म्हातारा एकटा आहे, मुलगी तिकडे. परत कशाला येईल?”

मी भीत भीत म्हटलं, “मग ‘लागू नाही’ लिहायचं का?”

त्यांनी चष्मा परत लावला आणि फाइलची दोरी बांधली. मला वाटतं, मी तसं म्हणायला नको होतं.

व्हिसा पुढे आला. काका बाळाच्या आधी चार दिवस पोहोचले, आणि मुलगी झाल्याचं त्यांनी मला ‘सूचनार्थ’ असं वर लिहून कळवलं. पण मला सांगायचं आहे ते आदल्या रविवारचं, दिल्लीला जायच्या दोन दिवस आधीचं.

सकाळी काका दारात आले. हातात नोटशीट होती आणि तिच्याखाली वेगळ्या कागदावर तो परिच्छेद, त्यांच्या मोत्यासारख्या इंग्रजी अक्षरात. “हा टाइप कर. स्पेलिंगला हात लावू नकोस.”

मी टाइप करायला बसले. लिहिलं होतं की माझ्या समोरच्या घरात कुमारी मनीषा जगदाळे राहते. तिच्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी आहे. तिच्या अंतिम वर्षाचा फॉर्म जूनमध्ये भरायचा आहे. मुलगी हुशार आहे, परंतु रकाने रिकामे सोडते. तो फॉर्म तपासण्यास दुसरं कोणी उपलब्ध नाही. सबब मला परत येणं आवश्यक आहे.

माझी बोटं थांबली. आई ओट्यापाशी होती, तिने विचारलं, “काय गं, काय झालं?” मी म्हटलं, स्पेलिंग बघतेय.

“नोटशीट पाहा,” काका म्हणाले.

निळ्या शाईत होतं, ‘पत्र में कु. जगदाळे का उल्लेख है। उनकी सहमति हो तो पत्र संलग्न किया जाए। आदेशार्थ प्रस्तुत।’ खालची जागा कोरी होती. काकांनी खिशातून हिरवा पेन काढला, टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरला.

“मी?”

“मग कोण? माझंच प्रकरण, त्यावर मीच आदेश कसा देणार? नियमात बसत नाही.”

“काका, इतकी वर्षं तर तुम्हीच देत होता.”

“ते घरगुती होतं,” काका म्हणाले.

पेन जड होता, किंवा मला वाटला. आईने पदराला हात पुसले आणि येऊन माझ्यामागे उभी राहिली. तिला वाचता येत नाही, पण हिरवी शाई कोणाची असते ते तिला माहीत आहे. मी सावकाश, खाडाखोड होऊ नये असं जपून लिहिलं, ‘स्वीकृत। समय पर वापस आएँ।’ आणि खाली सही केली. सही अजून नीट बसलेली नाही माझी.

काकांनी कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ वाचला. एवढं काही नव्हतं त्यात.

“‘समय पर’ हे मोघम झालं, जगदाळे,” ते म्हणाले आणि कागद परत माझ्यापुढे ठेवला. “तारीख टाक.”