सातवा रकाना

मध्य जर्सी मराठी स्नेहवर्धक मंडळाच्या घटनेनुसार आजीव सदस्य वारल्यास त्याला वीस मिनिटांची श्रद्धांजली मिळते. ती कधी मिळणार, हे मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेवर अवलंबून असतं. शोभना कानडे मार्चमध्ये गेल्या. त्यांची श्रद्धांजली जूनमध्ये, आंबा महोत्सवाचं उद्घाटन आणि आमरसाचं जेवण यांच्या मधे बसवण्यात आली.

त्यांचे यजमान मोरेश्वरराव यांची याबद्दल काही तक्रार नव्हती. एडिसनमध्ये चौतीस वर्षं काढलेला, लिफ्ट तपासायच्या नोकरीतून निवृत्त झालेला हा माणूस. ज्या गोष्टीला नियम असतो ती सहसा खाली कोसळत नाही, असा त्यांचा अनुभव. मंडळाची चिटणीस नंदा हिने ऑनलाइन फॉर्म पाठवला, तो त्यांनी चष्मा लावून एका बैठकीत भरायला घेतला. नाव, माहेरचं नाव, मुलं, नातवंडं. सातव्या रकान्यापाशी ते थांबले. ‘दिवंगतांची सांस्कृतिक आवड (एकच निवडा).’ खाली पाच पर्याय होते : अभंग, नाट्यसंगीत, वाचन, पाककला, समाजसेवा.

मोरेश्वररावांनी पाचही पर्याय दोनदा वाचले. त्रेचाळीस वर्षांचा संसार डोळ्यांखालून घातला. मग शेजारच्या ‘शेरा’ नावाच्या चौकटीत टाइप केलं : ‘बास्केटबॉल. शाळेतल्या मुलांचं. जपानी कार्टून.’

यात खोटं काही नव्हतं. शोभनाबाईंचं दुखणं सुरू झालं त्या सुट्टीत नात इला आली होती. ती टीव्हीवर ही मालिका लावून फोनवर बोलायला बाहेर गेली आणि आजी तिथेच अडकली. एक साधी शाळा, तिचा हरणारा संघ, आणि त्यात चौदा नंबरचा एक उंच पोरगा. खेळायला उत्तम, पण हातात आलेला चेंडू जन्मात कुणाला द्यायचा नाही. मालिका जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. अक्षरं वाचायला मान खाली घातली की चेंडू कुठे गेला ते कळत नाही, म्हणून शोभनाबाई वाचत नसत. मोरेश्वरराव खुर्ची ओढून शेजारी बसत आणि सगळं मराठीत मोठ्याने वाचून दाखवत. कर्णधाराचं, प्रशिक्षकाचं, शत्रूच्या गोलंदाजाचं सुद्धा. गोलंदाज नसतो हे त्यांना बाराव्या भागात कळलं. आणि दर भागात एकदा तरी शोभनाबाई उशी आपटून ओरडत, “अरे, पास दे की मेल्या!”

चौदा नंबरने चौऱ्याहत्तर भागांत एकही पास दिला नाही. पंचाहत्तरावा, म्हणजे शेवटचा भाग, गुरुवारी बघायचं ठरलं होतं. शोभनाबाई बुधवारी गेल्या.

त्यानंतर मोरेश्वररावांनी तो भाग दोनदा लावला आणि दोन्ही वेळा सुरुवातीलाच बंद केला. वाचून दाखवायला समोर कुणी नाही, आणि मनातल्या मनात वाचायची सवय मोडलेली. तेव्हा त्यांच्या मनात आलं, वीस मिनिटं आहेतच. तिला ओळखणारी दोनशे माणसं समोर बसलेली असतील. शेवटचा भाग तिथे लावू आणि आपण वाचू.

तिसऱ्या दिवशी नंदाचा फोन आला.

“काका, तुमचा फॉर्म रिजेक्ट झालाय.”

“का गं?”

“सातव्या रकान्यात तुम्ही काहीतरी टाइप केलंय. तिथे टाइप नाही करायचं, सिलेक्ट करायचं.”

“मग शेऱ्याची चौकट कशाला ठेवलीय?”

“ती रिकामी ठेवायला आहे, काका. मी अभंग टाकून देते ना. शोभनामावशींना अभंग आवडत नव्हते का?”

“आवडायचे की. आवडत नाहीत असं सांगतंय कोण? पण ऐकत नसे ती.”

“हे बघा, गेल्या तेरा श्रद्धांजल्यांत अकराजणांना अभंगच आवडायचे. दोघांना समाजसेवा.”

“समाजसेवेत कोण?”

“एक ते रवींद्रकाका.”

“रवींद्र? अगं, तो तीस वर्षं पत्ते सोडून दुसरं काही—”

“चार माणसांना एकत्र आणायचे ना. ते आम्ही समाजसेवेत घेतलं.”

मोरेश्वररावांनी नम्रपणे सांगितलं की त्यांना दुरुस्ती नको आहे, परवानगी हवी आहे. परवानगी म्हटल्यावर नंदाचा आवाज बदलला. परवानगी हा कार्यकारिणीचा विषय होता.

कार्यकारिणीची बैठक व्हिडिओवर झाली. अध्यक्ष शैलेंद्र एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि मोटारीतून बोलत होते.

“मोरेश्वरकाका, पर्सनली मला काही ऑब्जेक्शन नाही. पण विचार करा. मराठी शाळेत आपण वीस वर्षं पोरांना सांगतोय, कार्टून बंद करा, श्लोक म्हणा. आता आपणच स्टेजवर कार्टून लावणार? कुठल्या तोंडाने?”

“शोभना बहात्तर वर्षांची होती. तिने श्लोक म्हणून झाले होते.”

“तसं नाही हो. प्रिसिडंट सेट होतो. उद्या कुणी म्हणेल, आमच्या बाबांना कुस्ती आवडायची.”

“मग कुस्ती लावा.”

मग संकटात मंडळं नेहमी करतात ते मंडळाने केलं. एक उपसमिती नेमली. सुमंत आणि दीपा हे सदस्य, शैलेंद्र पदसिद्ध. कार्यकक्षा : सदर मालिकेचे चौऱ्याहत्तर भाग वस्तुनिष्ठपणे पाहून ती श्रद्धांजलीस सांस्कृतिकदृष्ट्या योग्य आहे काय, याबाबत दोन आठवड्यांत अहवाल देणे.

दोन आठवड्यांनी अहवाल आला नाही. मुदतवाढ मागण्यात आली. दीपा आजारी असल्याचं ऑफिसात कळवून तीन दिवस घरी बसली. सुमंत कधी नव्हे तो मुलाबरोबर सोफ्यावर बसायला लागला. मुलाला वाटलं, बाबांची नोकरी गेली. अध्यक्षांच्या मोटारीच्या मागच्या काचेला आतून एक छोटा नारिंगी चेंडू लटकू लागला. तो धुराच्या तपासणीसाठी लावावा लागतो, असं त्यांनी एकाला सांगितलं.

अहवाल आला तो सहा पानी होता. त्यात म्हटलं होतं की मालिकेत एकही मराठी पात्र नाही. पात्रे घरी न सांगता उशिरापर्यंत सराव करतात, आणि अभ्यासाचा उल्लेख चौऱ्याहत्तर भागांत केवळ तीन वेळा येतो. सबब ही मालिका आपल्या संस्कृतीस पूर्णतः अयोग्य आहे, असं उपसमितीचं एकमत झालं होतं. ‘तथापि,’ शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, ‘कर्णधाराच्या गुडघ्याचे पुढे काय झाले हे तपासल्याखेरीज अहवाल अंतिम करणे उचित होणार नाही. तरी उपसमितीस पंचाहत्तरावा भाग, आणि उपलब्ध असल्यास पुढील पर्व, पाहण्याची मंजुरी मिळावी.’

मंजुरी मिळाली. मोरेश्वररावांना मिळाली नाही. भाग बावीस मिनिटांचा, श्रद्धांजली वीस मिनिटांची. संस्कृतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी दोन मिनिटं कुठून आणायची, असं नंदाने फोनवर हळहळत विचारलं.

“शेवटची दोन मिनिटं नावंच असतात गं,” मोरेश्वरराव म्हणाले. “ती कापू.”

“काका, प्लीज. आता अहवाल आलाय ना.”

श्रद्धांजली एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. मंडळाचे सगळेच कार्यक्रम तिथे होत. स्टेज म्हणून जी भिंत वापरत, तिच्यावर बास्केटबॉलची जाळी होती. ती बरी दिसत नाही म्हणून तिच्यावर दर वेळी एक मोरपंखी पैठणी टाकत. बरोबर खाली शोभनाबाईंचा फोटो आणि हार. मोरेश्वरराव पहिल्या रांगेत बसले. पैठणीखालून जाळीचा एक पांढरा दोरा लोंबत होता. ते सगळा वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

अध्यक्षांनी सांगितलं की शोभनामावशी म्हणजे अभंगाचा चालताबोलता ठेवा. दीपाने सांगितलं की मावशींच्या घराची बेल दाबली की आतून टाळ ऐकू येत. कानड्यांच्या घराची बेल गेली सहा वर्षं बंद होती. मग दोन अभंग झाले. गाणाऱ्या बाई तयारीच्या होत्या, त्यांना आवरतं घ्या म्हणायचं धैर्य कुणाला झालं नाही. अडतीस मिनिटं लागली. मोरेश्वररावांनी घड्याळ पाहिलं आणि हात खाली घेतला. गाणं चांगलंच होतं. फक्त ते दुसऱ्याच कुणासाठी चाललंय आणि आपण चुकून पुढे येऊन बसलोय, असं त्यांना वाटत राहिलं.

नंतर आमरसाची रांग लागली. मोरेश्वरराव प्लेट घेऊन उभे होते. त्यांच्या पुढे सुमंत आणि दीपा. दोघं हळू आवाजात भांडत होते.

“यार, तो फाउल होताच.”

“फाउल नव्हता, सुमंत. तू रिवाइंड करून बघ.”

“ते जाऊ दे. पण चौदा नंबरने शेवटी पास दिला ना, आय स्वेअर, माझ्या अंगावर काटा आला. तीन सेकंद राहिलेत, समोर बास्केट मोकळं, आणि हा गडी चक्क पास देतो!”

“मी तर रडले. कुणाला सांगू नकोस हं.”

मागे प्लेट पडल्याचा आवाज झाला. दोघांनी वळून पाहिलं.

“दिला?” मोरेश्वररावांनी विचारलं.

“काका... सॉरी, आम्ही... ते अहवालाचं बोलत होतो.”

“पास दिला त्याने?”

“हो काका. दिला.”

मोरेश्वरराव मार्चपासून रडले नव्हते. स्मशानात नाही, फॉर्म भरताना नाही, पैठणीसमोर नाही. ते तिथे, आमरसाच्या पातेल्यापुढे, दोनशे माणसांदेखत हमसून हमसून रडले. मधेच “अगं, दिला गं त्याने,” असं काहीतरी म्हणाले. कुणीतरी त्यांना खुर्ची दिली. कुणीतरी म्हणालं, अभंगाचा परिणाम उशिरा होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पंचाहत्तरावा भाग लावला. शेजारची खुर्ची सरळ केली आणि सगळा मोठ्याने वाचला, शेवटची नावंसुद्धा.

पुढच्या आठवड्यात मंडळाचं वार्तापत्र आलं. ‘शोभनाताईंना प्रिय असलेले अभंग ऐकताना मोरेश्वरकाकांना अश्रू अनावर झाले,’ असं त्यात फोटोसह छापलं होतं. फोटोत त्यांच्या सदऱ्यावर आमरस सांडलेला होता. त्याच पानावर एक सूचनाही होती. या प्रकरणातून बोध घेऊन मंडळाने ठरवलं होतं की यापुढे हयात सदस्यांनीच आपली व आपल्या जोडीदाराची सांस्कृतिक आवड आगाऊ नोंदवावी. शेऱ्याची चौकट काढून टाकण्यात आली होती. मुदतीत फॉर्म न आल्यास अभंग धरण्यात येणार होता.

मोरेश्वररावांनी ती सूचना वाचून नंदाला पत्र लिहिलं : चौकट परत ठेवा, निदान लोकांना विचार तरी करू द्या. मंडळाने प्रयोग म्हणून एका महिन्यासाठी ती परत ठेवली. तीनशे बारा कुटुंबांपैकी एकानेही तिच्यात काही लिहिलं नाही. बरेचजण, नंदा सांगते, आधी लिहायला बसले होते. नवऱ्याचं नाव टाकलं, बायकोचं टाकलं, आणि त्यापुढे बराच वेळ नुसती रेघ लुकलुकत राहिली.

तुम्हालाही फॉर्म आला असेल. सातवा रकाना उघडा. शेजारी जे माणूस बसलंय त्याचं नाव टाका आणि त्याला काय आवडतं ते लिहा. घाई नाही. सुचलं नाही, तर अभंग आहेच.