मनुबाईने पारखलेला ॲम्प्लिफायर

रतनने गिटार घेतली त्याला आठ महिने झाले होते, आणि अजून ती घरातल्या कुणालाही ऐकू गेली नव्हती.

चूक रतनचीच. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्याच्या कारखान्यातला एक मित्र नोकरीसाठी मस्कतला निघाला, तेव्हा जाता जाता त्याने आपली लाल इलेक्ट्रिक गिटार रतनला स्वस्तात दिली. ती वाजायला ॲम्प्लिफायर नावाची आणखी एक पेटी लागते, हे रतनला घरी आल्यावर कळलं. तोवर मित्राचं विमान उडालं होतं. पेटीशिवाय ती गिटार मच्छरदाणीत अडकलेल्या डासाएवढीच वाजायची. तरी रतन दर रविवारी डोंबिवलीला क्लासला जायचा, तिथल्या ॲम्प्लिफायरवर शिकायचा आणि चेंदणीच्या कोळीवाड्यात परतून पुन्हा डास वाजवायचा.

आता मे महिन्यात धाकट्या बहिणीचं, मालूचं, लग्न ठरलं होतं. मालूने भावाकडे ना साडी मागितली ना घड्याळ.

"दादा, मला एकच पायजे. हळदीच्या दिवशी तू आपलं होळीचं गाणं गिटारवर वाजव. आठ महिने तुझी नुसती बोटं हलताना बघतेय मी."

रतनने शब्द दिला. देताना त्याच्याजवळ नऊशे रुपये होते आणि लग्नाला वीस दिवस.

क्लासच्या सरांनी त्याला एका कागदावर सगळं लिहूनच दिलं. "हे बघा, तुम्ही अजून शिकताय. दहा वॅटचा पुरे झाला. कल्याणला स्टेशनजवळ दामाजीशेठच्या दुकानात एक जुना आहे, छान आहे, बाराशे म्हणतोय, थोडी घासाघीस करा. आणि एक लक्षात ठेवा, कानांनी ऐकल्याशिवाय घ्यायचा नाही."

घासाघीस म्हटल्यावर घरात एकच नाव होतं. मनुबाई, रतनची आत्या. आई गेल्यापासून या दोन भावंडांना तिनेच वाढवलं. चाळीस वर्षं ती ठाण्याच्या बाजारात मासळी विकत होती, आणि मालूच्या मिक्सरपासून मालूच्या नवऱ्यापर्यंत प्रत्येक वस्तू तिच्या नजरेखालून गेली होती. शिवाय मनुबाई कोळीवाड्याची धवलारीण होती. लग्नात नवऱ्यानवरीपाशी बसून धवले, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, म्हणायचा मान तिचा. या वर्षी मात्र तिचा आवाज जरा बसला होता. सर्दी झालीय, असं ती सांगायची. सर्दी होळीपासून होती.

"मी येतंय," मनुबाई म्हणाली. "तुना एकट्याला बगून त्यो शेट चामडी काढंल."

दामाजीशेठच्या दुकानात ती दोघं पोचली तो शुक्रवार होता, आणि शुक्रवारी कल्याणातली वीज दुपारपर्यंत बंद असायची. शेठजी पुठ्ठ्याने वारा घेत बसले होते. त्यांनी काळा, आटोपशीर दहा वॅटचा ॲम्प्लिफायर काउंटरवर ठेवला. रतनला तो पाहताक्षणीच आवडला. मनुबाईने तो एका हाताने उचलला, हलवून पाहिला, मागच्या भोकात बोट घातलं आणि ते बोट नाकाशी नेलं.

"हलका हाय. ह्याचे पोटान काय न्हाय."

"मावशी, ही काय सुरमई आहे का?" दामाजीशेठ म्हणाले.

"सुरमई आसती तर बाराशेला अख्खी पाटी आली आसती. चारशे देतंय."

"चारशेला याची नुसती पेटी येईल."

"मंग त्यो कोपऱ्यान मोटा बसलाय त्यो केवढ्याला?"

कोपऱ्यात एका मंडपवाल्याने विकून टाकलेला लाउडस्पीकरचा संच धूळ खात पडला होता. साठ वॅटचा लोखंडी ॲम्प्लिफायर आणि त्याला जोडायचा पत्र्याचा भलामोठा कर्णा. शेठजींनी नऊशे सांगितले. मनुबाईचे डोळे चमकले. लहान बाराशेला आणि मोठा नऊशेला, असा बाजार तिने चाळीस वर्षांत पाहिला नव्हता.

"आत्या, ते मंडपवाल्यांचं असतं गं," रतन कळवळून म्हणाला. "गिटारचं नाय ते. आणि सर बोललेत ऐकूनच घे. थांबूया ना, लाइट येईल."

"चाळीस वरसं मासली इकतंय. एक तरी मासली गिऱ्हाइकाशी बोलली काय? डोल्यानं बगून घेवाची."

रतनचा सरांवर विश्वास होता, पण सर डोंबिवलीत होते आणि आत्या शेजारी उभी होती. सौदा साडेआठशेला पटला. वर दोन बोंबील घालायची मासळी बाजाराची रीत असल्यामुळे मनुबाई वर काहीतरी घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरेना. शेवटी शेठजींनी हात जोडले आणि एक जुना माइक तिच्या पिशवीत टाकला.

ॲम्प्लिफायर रतनने खांद्यावर घेतला आणि कर्णा मनुबाईने चुंबळ करून डोक्यावर. ठाण्याच्या खोपट डेपोला जाणाऱ्या एसटीत कर्ण्याने खिडकीजवळची जागा घेतली. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं. तेही मनुबाईने कमी करून मागितलं, पण सरकारने ऐकलं नाही.

घरी आल्यावर रतनने कर्णा खिडकीत ठेवला, गिटार जोडली, देवाला नमस्कार केला आणि बटण जेमतेम एका आकड्यापर्यंत फिरवलं. त्याने तार छेडली. तिचा आवाज कर्ण्यातून बाहेर पडला, उलट फिरून गिटारीत शिरला, गिटारीतून पुन्हा कर्ण्यात गेला आणि एक लांबलचक 'भोंऽऽऽ' सगळ्या खाडीवर पसरला. बटण कुठलं बंद करायचं हे सापडेपर्यंत पाऊण मिनिट गेलं.

आता चेंदणीत एक शिरस्ता होता. खाडीकाठच्या बर्फाच्या कारखान्याचा भोंगा वाजला, की लाद्या निघाल्या असं समजायचं आणि पाट्या घेऊन धावायचं. पाऊण मिनिटात निम्मा कोळीवाडा कारखान्याच्या दारात उभा राहिला. कारखान्यात त्या वेळी पाण्याचं अजून पाणीच होतं. बायकांनी मॅनेजरला फैलावर घेतलं, मॅनेजरने वॉचमनला, आणि वॉचमनने शपथेवर सांगितलं की भोंग्याला त्याचा हातसुद्धा लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी रतनने कर्ण्यात उशी कोंबून सराव केला. या वेळी फक्त निम्म्याचा निम्मा कोळीवाडा गेला. तिसऱ्या दिवशी खरा भोंगा वाजला, तेव्हा सगळ्या म्हणाल्या, रतनच असेल, आणि कुणीच हललं नाही. लाद्या उन्हात वितळल्या. संध्याकाळी गावचे पाटील गुणाजी स्वतः रतनच्या दारात आले.

"रतन, पोरा, तुजा वाजवना चांगला का वाईट त्यातला माना काय कलत न्हाय. पन ह्या कर्न्याला गिटार लावाची न्हाय. हलदीला वऱ्हाड पाट्या घेऊन यायला नको."

"पण काका, मालूला शब्द दिलाय मी."

"मालूला शब्द, गावाला बरफ. गाव मोटा."

पाटील गेल्यावर मनुबाईने कर्ण्यात कोंबलेली उशी ओढून काढली. "मोटा निंगाला, पन जात दुसरी निंगाली," ती हळूच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिची पारख चुकली होती. रतनला तिची इतकी दया आली, की रागवायचं तो विसरूनच गेला. नवा घ्यायला पैसे नव्हते. मालू म्हणाली, "जाऊ दे रे दादा," आणि पाठ करून भांडी घासायला लागली. तिची भांडी स्वच्छच होती.

हळदीच्या संध्याकाळी दारात मांडव गच्च भरला. डेकोरेटरने कॅसेट लावली होती, पोरं नाचत होती. मनुबाई नवं लुगडं-चोळी नेसून मालूपाशी बसली आणि तिने धवले सुरू केले. रतन नारळाची पोती हलवत मागे उभा होता. त्याला आत्याचे ओठ हलताना दिसत होते. आवाज येत नव्हता. कॅसेट संपली तरी पुढच्या दोन रांगांपलीकडे तो पोचेना.

"मनुबाई अजून चालू नाय झाली काय?" मागून कुणीतरी विचारलं. तिचा तिसरा धवला चालला होता.

"सर्दीच हाय तिची. कॅसेट लावा रे परत!"

कॅसेट पुन्हा सुरू झाली आणि मनुबाई मध्येच थांबली. धवला अर्धा सोडायचा नसतो. रतनने जन्मात तिला अर्ध्यावर थांबताना पाहिलं नव्हतं. ती मालूच्या हाताची हळद उगाचच सारखी करत राहिली. आठ महिने आपली बोटं हलत होती आणि ऐकू काही येत नव्हतं, तेव्हा आपल्याला कसं वाटायचं, हे रतनला आठवलं. सर्दी नव्हतीच, आत्याचा आवाजच वयाने खचला होता, हे त्याला त्या क्षणी कळलं.

त्याने पोतं टाकलं, घरातून कर्णा आणला आणि मांडवाच्या बांबूला बांधायला लागला. गुणाजी पाटील धावत आले.

"रतन! बरफ!"

"काका, गिटार नाय लावत. आत्याला लावतो."

वर मिळालेल्या माइकला स्टँड नव्हता. रतनने तो लांब डावाच्या दांड्याला बांधला, डाव तांदळाच्या डब्यात खोचला आणि डबा आत्यासमोर ठेवला. कॅसेट त्याने स्वतःच बंद केली.

"म्हण, आत्या. मधून सोडलास ना, तिथनं."

मनुबाईने माइककडे संशयाने पाहिलं, आणि तिने सोडलेली ओळ उचलली. कर्णा जन्मला होता तोच मुळी माणसाच्या आवाजासाठी. तिचा बसका, खरबरीत आवाज मांडवावरून उठला, बोटींवरून गेला आणि खाडीपलीकडे पोचला. नाचणारी पोरं खाली बसली. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले, कारण यातली काही कडवी त्यांनी त्यांच्याच हळदीनंतर पहिल्यांदा नीट ऐकली होती. मनुबाईने सगळेच्या सगळे धवले म्हटले. एकही गाळला नाही.

शेवटचा संपल्यावर तिने रतनला खूण केली. "तुजी गिटार आन. वायर नको जोडू. हितं बस, डब्यापाशी."

रतन बसला. त्याने माइकला गिटार टेकवून होळीचं गाणं वाजवायला घेतलं. तोच मच्छरदाणीतला डास, पण आता मांडवभर ऐकू येईल एवढा झालेला. दोन ठिकाणी तो चुकला. मालू हळदीने माखलेल्या तोंडाने हसत होती आणि रडत होती, आणि कुणीही बर्फ आणायला गेलं नाही.

"दादा," ती म्हणाली, "ऐकू आलं."

लग्नानंतर आठ दिवसांत मनुबाईला शहाडहून बोलावणं आलं. मग खडवलीहून, मग पुन्हा शहाडहून. स्वतःचा कर्णा घेऊन येणारी धवलारीण त्या टापूत दुसरी नव्हती. मेअखेरपर्यंत तिची एक तारीख मोकळी उरली नाही. सर्दीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रतन कामावरून आला, तर ओट्यावर एक काळी, आटोपशीर पेटी ठेवलेली होती. दहा वॅटचा तोच ॲम्प्लिफायर. मनुबाई शेजारी बसून मासळीच्या जाळ्यातली गाठ सोडवत होती.

"आत्या! कल्याणला गेलेलीस? एकटी?"

"गेलेली. लाइट न्हवती. दोन तास बसली. लाइट आली तवा त्याला सांगितला, आधी वाजव. मंग कानानं ऐकून घेतला. तुजे सर बोललेले ना."

रतनने पेटीवरून हात फिरवला. पेटी हलकीच होती.

"किती सांगितले त्याने?"

"बाराशे."

"आणि किती दिलेस?"

मनुबाईने जाळ्यातून मान वर केली नाही.

"बाराशे."

चाळीस वर्षांत मनुबाईने कुणाला सांगितलेला भाव दिला, असं कोळीवाड्यात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. रतन तिच्याशेजारी ओट्यावर बसला.

"वर काय घेतलंस?" त्याने विचारलं.

"काय न्हाय," मनुबाई म्हणाली. "मागल्या टायमाला त्यानं माइक दिलेला. तुजी गिटार वाजव आता."