मर्व्हिनची कोरी मान

“मर्व्हिनच्या गाडीला ओढून काढायला आजवर कोणी दोर बांधलेला नाही!” हे वाक्य मर्व्हिन रोज सकाळच्या चहाबरोबर म्हणायचा. ऑस्ट्रेलियातल्या सिम्प्सनच्या वाळवंटात शिरल्यापासून तर तो ते प्रत्येक बिस्किटाबरोबरही म्हणू लागला होता.

त्याचा रुबाब तसा रास्त होता. निवृत्त होईपर्यंत तो वॅरिंबा गावचा ड्रायव्हिंगचा परीक्षक होता. गावात परीक्षक एकच, त्यामुळे नापास व्हायचं तर त्याच्याच हातून व्हावं लागे, आणि गाव झालंही होतं. ग्वेंडा झाली, ग्वेंडाचा नवरा झाला, पाद्रीबाबा तर चर्चच्या दारातच झाले. नोलीनलाही त्याने नापास केलं होतं. पुढे तिने त्याच्याशीच लग्न केलं. ते प्रेमापोटी की सूड म्हणून, याबद्दल गावात दोन मतं होती.

आता हे सगळे नापास लोक पेन्शनीत निघाले होते आणि दर हिवाळ्यात फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या घेऊन वाळवंटात येत होते. म्होरकी ग्वेंडा. मंडळाचा रिवाज असा, की वाळूत रुतल्यावर ज्याला दुसऱ्याने बाहेर काढलं, त्याने संध्याकाळी शेकोटीपाशी कॅरॅव्हॅनच्या संडासाची जुनी, मधे भोक असलेली बैठक गळ्यात घालून बसायचं. इतरांनी फोटो काढायचे. मंडळातली प्रत्येक मान त्या बैठकीतून गेली होती. फक्त मर्व्हिनची मान कोरी होती, आणि सगळे त्या मानेकडे खाटकाच्या नजरेने बघत.

त्या दिवशी वाळूच्या टेकड्या सुरू झाल्या आणि रेडिओवर ग्वेंडा ओरडली, “मंडळी, टायरमधली हवा निम्मी करा, नाहीतर वाळूत रुताल!”

“हवा पुस्तकात लिहिलीय तेवढीच राहील,” मर्व्हिन म्हणाला.

“पुस्तक लिहिणारा इथे आला होता का कधी?” नोलीनने विचारलं.

यावर मर्व्हिनने रेडिओचा माइक दोन सीटच्या फटीत टाकून दिला. नोलीनने वर फ्रूटकेकचा डबा ठेवला. केक तिच्या हातचा, म्हणजे वजनाला थेट वीट! माइकचं बटण दाबलं गेलं ते गेलंच. आता या रेडिओची गंमत अशी, की बटण दाबलेलं असेपर्यंत आपलं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं आणि इतरांचं आपल्याला अजिबात नाही. पुष्कळ नवऱ्यांचं असंच असतं, पण निदान त्यांना ते ठाऊक असतं. या दोघांना नव्हतं.

“हे सगळे वळसा घालत बसतील,” मर्व्हिन म्हणाला. “आपण या टेकडीवरून सरळ पलीकडे. तळावर आधी पोचू आणि चहा ठेवू!”

गाडी गुरगुरत चढली आणि नेमकी माथ्यावर पोट टेकून बसली. पुढची चाकं हवेत, मागची वाळूत. दोघं सी-सॉवर बसल्यासारखी डुलू लागली.

“थांबलो का रे आपण?”

“देखावा बघतोय.”

“मर्व, माझे पाय आभाळाकडे आहेत!”

“म्हणून तर तुला चांगला दिसत असेल.”

मर्व्हिन उतरला आणि दार उघडं टाकून फावड्याने वाळू उपसू लागला. जेवढी उपसे, तेवढी घरंगळत परत येई. नाकातोंडात माश्या जाऊ लागल्या.

“ग्वेंडाला हाक मारू का?” नोलीनने आतून विचारलं.

“ग्वेंडाला? ती बाई गाडी मागे घेऊ लागली की गावातली कुत्री आपणहून घरात जातात!”

“मग तिच्या नवऱ्याला?”

“त्याला गिअर बदलायला बायकोची परवानगी लागते!”

“निदान पाद्रीबाबांना तरी?”

“ते तर डोळे मिटूनच चालवतात! सगळा भार वरच्यावर! नशीब, रेडिओ गप्प आहे. सगळे लांब गेलेले दिसतात.”

सगळे शेजारच्याच टेकडीमागे होते. घडीच्या खुर्च्या मांडून, चहा ओतून. पाद्रीबाबा तर रेडिओचा आवाज वाढवायला सांगत होते.

शेवटी नोलीन उतरली. तिने एक काटकी घेतली आणि चारही टायरमधली हवा फुसफुस करत सोडली. “मी चालवते. तू पुढून ढकल.”

“तू?”

“नाहीतर ग्वेंडा.”

मर्व्हिनने मुकाट्याने खांदा लावला. नोलीनने आरशात पाहिलं, गाडी मागे घेतली, आणि लोण्यातून सुरी निघावी तशी ती खाली उतरली. मर्व्हिन माथ्यावरच उताणा!

“कोणाला सांगायचं नाही हं,” गाडीत बसल्यावर तो म्हणाला. “आपण फुलं बघत होतो.”

“कुठली?”

“पिवळी.”

“जांभळी म्हण. पिवळी तर सगळीकडेच आहेत.”

तळावर मर्व्हिनने फुलांचं असं काही वर्णन केलं, की ऐकणाऱ्याला वास यावा. सगळ्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं.

“मग शेवटी काय ठरलं?” ग्वेंडाने विचारलं. “पिवळी की जांभळी?”

मर्व्हिनचा चेहरा नासलेल्या दुधासारखा झाला. नोलीनने गाडीत जाऊन डबा उचलून पाहिला आणि तो हळूच परत ठेवला. तोवर बैठक आली होती.

“थांबा!” मर्व्हिन ओरडला. “मला कोणी दोर लावलाय?”

“नाही. पण गाडी काढली कोणी?”

“नोलीनने. पण बायको दुसरी कशी? काय हो पाद्रीबाबा, आमच्या लग्नात तुम्हीच म्हणालात ना, आजपासून ही दोघं एकच?”

“म्हणालो होतो खरा,” पाद्रीबाबा नाइलाजाने म्हणाले.

“बघा! म्हणजे मीच काढली!”

“मान्य,” नोलीन शांतपणे म्हणाली. “दोघं एकच. मग घरापर्यंत गाडी मीच चालवते. काय फरक पडतो?”

मर्व्हिनने बैठकीकडे पाहिलं. मग स्टिअरिंगकडे पाहिलं. मग पुढे झाला आणि स्वतःच्या हाताने बैठक डोक्यातून गळ्यात घातली. आजवर ती कोणी एवढ्या तावातावाने घातली नव्हती!

फोटो झाले, जेवणं झाली आणि मग असं लक्षात आलं, की बैठक कानांच्या खाली जाते, वर येत नाही. लोणी लावलं. ग्वेंडाने आणि तिच्या नवऱ्याने दोन्ही बाजूंनी धरून ओढलं. “हे ओढणं हिशेबात धरायचं नाही!” मर्व्हिन आतून बजावत होता. पाद्रीबाबांनी करवत सुचवली, तर ग्वेंडा म्हणाली, “मंडळाची मालमत्ता आहे!”

सकाळी वाळवंटाच्या कडेला असलेल्या बर्ड्सव्हिल गावच्या दवाखान्यात जायचं ठरलं. गळ्यात बैठक असताना स्टिअरिंगमागे बसता येत नाही, हे मर्व्हिनने बराच वेळ प्रयत्न करून स्वतःच सिद्ध केलं. मग तो निमूटपणे डावीकडे जाऊन बसला.

गाव दिसू लागल्यावर त्याने फक्त एवढंच म्हटलं, “नोली, मागच्या रस्त्याने घे हं.”

नोलीनने गाडी मुख्य रस्त्याने घेतली. हॉर्न वाजवत.