बदलीचा हुकूम

यंदाच्या बदल्यांच्या यादीत आमच्या पाळकसाहेबांचं नाव नव्हतं, चर्चचं होतं. सोनेवाडीहून चांदेगावला. रुजू व्हायला आठ दिवसांची मुदत.

मी मंडळीचा इमारत-पंच. म्हणजे चर्चची डागडुजी माझ्याकडं, आधी वडिलांकडं होती. यादी मीच वाचून दाखवली, आणि अर्जही माझाच होता. पाळकसाहेबांना हलवा, असा. उगाच नाही केला! तो माणूस दर मीटिंगला सगळ्यांदेखत विचारायचा, "उजागरेभाऊ, छपराचं काय झालं?" मी म्हणायचो, "बघतो." पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. चार वर्षं! कुणाचंही डोकं फिरेल.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं वरच्या कार्यालयात गेलो. तिथं बदल्यांचं टेबल सांभाळणाऱ्या मकासरेबाईंनी फाईल काढली.

"अर्ज तुमचाच ना? वाचते. उपासनेत उकडतं. मागच्यांना उपदेश ऐकू येत नाही. वेदीपाशी गळतं. बाकांना वाळवी लागलीय. यातलं पाळकांनी काय केलंय?"

"तसं... काहीच नाही."

"आम्हीही तेच म्हटलं. दोष सगळे इमारतीचे, म्हणून इमारतीची बदली. चांदेगावची हवा कोरडी आहे, तिला मानवेल."

"आणि आमच्याकडं?"

"तिथलं येईल. पत्र्याचं आहे, पण नवं. दार उत्तरेला."

दार उत्तरेला, म्हणजे आईची सगळी पावलं चुकणार. माझी आई राहेलबाई ब्याऐंशी वर्षांची, दोन्ही डोळ्यांनी गेलेली. घरात चाचपडते, अंगणात चाचपडते, पण चर्चमध्ये नाही. पायऱ्या तीन, दारापासून चौदा पावलं, मग डावीकडचा बाक. त्याची एक कड वाळवीनं खाल्लेली आहे, ती बोटांना लागली की आई बसते. तिथं कुणाला हात धरू देत नाही. अख्ख्या जगात तिला सापडणारी तेवढीच जागा उरली होती, आणि ती मी अर्ज करून घालवली होती.

गावात परतलो तर चर्चची आवराआवर सुरू झालेली. खिडक्या आतून लावून घेतलेल्या. इकडं पंचांची तातडीची मीटिंग बसली होती आणि निरोपाच्या शालीला कापड किती मीटर लागेल यावर दीड तास वाद चालला. शेवटी नुसता हार घालायचं ठरलं.

रविवारी आई नेहमीप्रमाणे पुढं झाली, पाय उचलला आणि धडपडली. पायऱ्या चर्चनं आदल्या दिवशीच आत ओढून घेतल्या होत्या.

"पायरी कुठं गेली रे?"

"आवरलीय, आई."

"कुणी आवरली?"

मी तिचा हात धरायला गेलो, तिनं झटकला. पाळकसाहेब दारातच उभे होते. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण बोलले नाहीत. त्याची जास्त लाज वाटली.

"योना, तू काहीतरी करून ठेवलंयस," आई म्हणाली. हात हवेत धरून ती उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिली. "मी आता कुठं बसू?"

सोमवारी कार्यालय उघडायच्या आधी मी दारात हजर. लिहूनच दिलं. छप्पर मी केलं नाही. वाळवीचं औषध आणलं आणि तीन वर्षं पडवीत ठेवलं. पाळकसाहेबांचा दोष नाही, चर्चचा तर नाहीच नाही.

मकासरेबाईंनी दोनदा वाचलं.

"बदली रद्द होईल. पण चांदेगावचं चर्च काल कार्यमुक्त झालं. त्याला दुसरीकडं लावता येईल हो, पण ती जागा रिकामी ठेवता येत नाही. कुणीतरी रुजू व्हायलाच हवं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "उंची किती तुमची?"

"पाच फूट चार इंच."

"चालेल."

मला चांदेगावला रुजू होऊन पाच महिने झाले. मुदत पाच वर्षांची आहे. उत्तरेला तोंड करून उभा असतो. दर रविवारी सत्तावीस माणसं चपला बाहेर काढून आत येतात. सुरुवातीला जड गेलं, आता सवय झाली.

शनिवारी आईचा फोन येतो. पायऱ्या जागेवर आहेत. छप्पर पाळकसाहेबांनी मंडळीला हाताशी घेऊन करून घेतलं, वाळवीही गेली. बाकाची कड मात्र आईनं तासू दिली नाही. परवा म्हणाली, "चौदा पावलं बरोबर भरतात बघ. तू जेवतोस ना वेळेवर?" तिला पाच वर्षांचं काही सांगितलेलं नाही.

माणसं चांगली आहेत इथली. फक्त गेल्या रविवारी मागच्या बाकावर कुजबुज ऐकली, की गळतं म्हणून. पाऊस तर केव्हाच संपलाय. पण सकाळी नऊला, तिकडं आई पहिली पायरी चढत असेल तेव्हा, इथं गळतं खरं.

इथल्या इमारत-पंचाच्या कानावर घातलंय. बघतो म्हणाला.