खिडकीवरच बरे झालेले रुग्ण

दुखणं माणसाला होतं, पण वेदना ही नोंद झाल्यावरच अस्तित्वात येते. त्याआधी ती नुसती कुरकुर असते, आणि कुरकुरीला कोड नाही.

हे मी अधिकाराने सांगतो. जुन्या हायवेवरच्या आमच्या हॉस्पिटलात (नाव सांगत नाही, मालक वाचतात) वेदनेला कोड लावण्याचं काम माझ्याकडे आहे. डॉक्टर फक्त तपासतात. रुग्णाला नेमकं काय झालंय हे मी ठरवतो, आणि तेही त्याला हात न लावता.

पद्धत अत्यंत शास्त्रीय आहे. रुग्ण खिडकीशी आला की आधी अवयव निवडायचा. मग बाजू: डावी, उजवी, दोन्ही, सांगता येत नाही. मग कारण. कारणांची यादी शनिवार-रविवारचे पर्यटक डोळ्यांपुढे ठेवून केलेली असल्यामुळे परिपूर्ण आहे: धरणाच्या पायरीवरून घसरणे, सेल्फी घेताना घसरणे, दुसऱ्याच्या सेल्फीत येऊ नये म्हणून मागे सरकताना घसरणे, घोड्यावरून पडणे, थांबलेल्या घोड्यावरून पडणे, चिक्कीने दाढ हलणे. 'काम करून करून' हे कारण यादीत नाही. (काम हा अपघात धरता येत नाही, असं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीचं मत पडलं.) त्यासाठी 'इतर' आहे.

शेवटी एकच प्रश्न उरतो: "आता कसं वाटतंय?" त्याचं उत्तर रुग्णाच्याच शब्दांत, काना-मात्रा न बदलता टाकायचं, कारण रुग्णाचा सन्मान हे आमचं ब्रीद आहे. कॉम्प्युटर ते शब्द वाचतो, कोड लावतो आणि फाइल डॉक्टरांकडे पाठवतो. शब्द 'बरं आहे' असे असतील तर 'वेदना होती, गेली' असा शेरा मारून फाइल बंद करतो. यात माणसाची लुडबुड चालत नाही.

आता मावळातल्या माणसाला, हात खांद्यातून निखळून लोंबत असला तरी, "कसं वाटतंय?" म्हणून विचारा. तो "बरंय" म्हणतो. वर "तुमचं कसं काय?" असंही विचारतो. (त्याला कोड नाही.)

परिणाम थक्क करणारे आहेत. गेल्या वर्षी स्थानिक रुग्णांपैकी एक्क्याण्णव टक्के खिडकीवरच बरे झाले. उरलेले नऊ टक्के रागीट, तान्हे किंवा पुण्यात राहून आलेले होते. या कामगिरीबद्दल आम्हाला एक ढालही मिळाली.

पर्यटकांचं तसं नाही. भुशी धरणावर पायाचा अंगठा मुरगळलेली तेजल नावाची मुलगी आली आणि म्हणाली, "दहापैकी साडेनऊ. आतून कुणीतरी ड्रिल करतंय, आणि ते ड्रिल पार मांडीपर्यंत जातंय." कॉम्प्युटर गहिवरला. माझा चहा संपायच्या आत अंगठा एक्स-रे मशीनखाली पोचला होता.

भाजे गावच्या अंबूबाईंना मात्र बोलण्याची ही कला अवगत नव्हती. आयुष्यभर वाकून भात लावल्यानं त्यांच्या कंबरेतून कळ निघून डाव्या पायात उतरायची, आणि पाऊल असं बधिर व्हायचं की ते आपलंच आहे ना, हे खाली बघून ठरवावं लागायचं. डॉक्टरांनी एकदा तो पाय बघावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

"आता कसं वाटतंय, आजी?"

"बरं हाय की, बाळा. तू जेवलास का?"

फाइल बंद. त्या घरी पोचायच्या आधी अभिनंदनाचा मेसेज पोचला. पुढच्या खेपेला त्यांनी माझ्यासाठी जांभळं आणली आणि त्या पुन्हा बऱ्या झाल्या.

तिसऱ्या खेपेला बरोबर नात होती, समीक्षा. बाजारात चिक्कीच्या दुकानात काउंटरवर असते, त्यामुळे माणसांबद्दल तिचा फारसा गैरसमज नाही. खिडकीपुढे माझ्यासमोरच तिची शिकवणी चालू झाली.

"आजी, बरंय म्हणायचं नाही. मरणाचं दुखतंय म्हण."

"आगं, पोरगं चांगल्या तोंडानं इचारतंय. त्येला वंगाळ कसं सांगू?"

"मग गप बस. तोंडच उघडू नको."

"त्ये जमंल."

मी प्रश्न विचारला. अंबूबाई गप्प. नियमाप्रमाणे आणखी दोनदा विचारला. त्यांनी माझ्याकडे बघून ओठ घट्ट मिटले. मी 'प्रतिसाद नाही' असं टाकलं, आणि कॉम्प्युटरने क्षणात निदान केलं: बेशुद्ध.

लाल दिवा लागला, भोंगा वाजला. (रुग्ण बाकावर ताठ बसून मान डोलावत होता, पण मानेचा रकाना आधीच्या पानावर राहिला.) वॉर्डबॉय विठ्ठलने त्यांना उचलून स्ट्रेचरवर घातलं, नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. डॉक्टर यशोधरा मॅडम जिना उतरून धावत आल्या. ज्या डॉक्टरांसाठी तीन खेपा झाल्या, त्या आता हातभर अंतरावर उभ्या होत्या.

"आता बोल, आजी!" समीक्षा कुजबुजली.

"आजी," मॅडमनी धापा टाकत विचारलं, "कसं वाटतंय?"

अंबूबाईंनी त्यांचा घामेजलेला चेहरा पाहिला. नाकावरचा मास्क बाजूला केला.

"आगं बाई, केवडी धावलीस माझ्यापायी! मला काय बी झालं न्हाई. बरी हाय मी. तू बस, पानी पी."

मी काना-मात्रा न बदलता टाकलं. दिवा हिरवा झाला. बेशुद्धीतून तत्काळ आणि संपूर्ण बरा झालेला हा आमचा पहिलाच रुग्ण. मॅडमच्या हातातल्या स्क्रीनवर पुढचं नाव आलं.

"अहो, पाय बधिर पडलाय तिचा!" समीक्षा ओरडली. "रात्रभर भिंत धरून उभी असते ती!"

नातेवाइकांच्या म्हणण्यालाही रकाना आहे, पण तो बिलाच्या पानावर आहे, असं मी तिला शांतपणे समजावून सांगितलं.

आजी निघाल्या. दाराशी पोचल्या तेव्हा विठ्ठल मागून ओरडला, "आजी, डावी चप्पल राहिली!"

त्यांनी खाली पाहिलं. "व्हय की. कवा सुटली, कळलंच न्हाई बघ."

मॅडम त्या चपलेकडे बघत राहिल्या. काहीतरी विचारणारही होत्या. पण पुढचा रुग्ण (सेल्फी, करंगळी, दहापैकी पावणेदहा) आत आला होता.

एवढं अचूक सॉफ्टवेअर कुणी केलं या कौतुकाने मी कंपनीला फोन लावला. गौरव नावाचा इंजिनिअर संकोचून म्हणाला, "सर, खरं सांगू? 'बरंय' ऐकल्यावर फाइल बंद करायची, हे आम्ही शिकवलंच नाही. सरावासाठी त्याला घरोघरच्या फोनची रेकॉर्डिंग ऐकवली होती. मुलगा विचारतो 'कशी आहेस?', आई म्हणते 'बरंय', मुलगा म्हणतो 'चल, ठेवतो.' हजारो नमुने होते सर, फरक कुठंच नाही. त्यावरून ते आपोआप शिकलं."

तेव्हा आमच्या खिडकीला नावं ठेवायच्या आधी, आईला शेवटचा फोन केलात तो आठवा. ती काय म्हणाली, ते विचारत नाही. त्यानंतर तुम्ही किती वेळ फोनवर होतात? आम्हाला निदान या कामाचा पगार मिळतो.