वाढत्या अंगाचा सूट

दौंडच्या म्हाळूच्या अंगावर पाणबुड्याचा काळा रबरी सूट असा लोंबत होता, की आत आणखी एक म्हाळू सहज मावला असता. असला ढगळ सूट घालून गार पाण्यात उतरलं की पाणी आत खेळतं आणि माणूस काकडतो. अंगाला चिकटून बसेल असाच घ्या, असं पुण्याच्या दुकानदाराने बजावलं होतं. पण बायकोपुढे म्हाळूचं काही चाललं नाही.

"वाढत्या अंगाचा घ्या म्हणलं, त्यात काय चुकलं?" जाईबाई म्हणाली.

"अगं, चाळिशीत मी कुठं वाढनार?"

"नोकरी लागल्यावर वाढाल की!"

नोकरीचं नाव निघताच म्हाळूचा चेहरा पडला. वीस वर्षं तो लोकांच्या विहिरींत बुड्या मारून पडलेल्या पाणी उपसायच्या मोटारी काढत आला होता. आता, २००२ साली, धरणाच्या दारांची कामं करणाऱ्या कंपनीत पाणबुड्याची कायम जागा निघाली होती. अट एकच, स्वतःचा सेमी-ड्राय सूट घालून पाऊण तास तळाशी राहून दाखवायचं. परीक्षा उद्यावर आली होती आणि दुकानदार सूट बदलून देईना. म्हाळूला जीव नकोसा झाला.

शेवटी शेजारचे पंक्चरवाले पोपटराव धावून आले.

"सेमी-ड्राय म्हंजी रं काय, म्हाळू?"

"अर्धं कोरडं. थोडं पानी आत येतंच म्हनं."

"माझ्या हातनं अर्धं काम हुनार न्हाई!"

त्यांनी म्हाळूच्या अंगावर खुणा करून सूट कापला, सोल्युशन लावून सांधे चिकटवले, गळा आणि मनगटं आवळून टाकली. सकाळी धरणावर म्हाळू सूट चढवून उभा राहिला, तेव्हा त्यांनी गळ्यातून नळी सारून पंप मारला. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहिले. ट्यूब तपासायची त्यांची हीच पद्धत. तेवढ्यात परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी म्हाळूला हाक मारली, नळी निघाली, हवा मात्र आतच राहिली.

म्हाळूनं उडी मारली आणि भोपळ्यासारखा वर आला. कमरेला शिशाचे दोन पट्टे बांधले, तरी पाठीवर तरंगतच राहिला.

"अरे, बुडा की!" साहेब ओरडले.

"बुडतोय साहेब, पन बुडताच येईना!"

दगडासारखा विहिरीचा तळ गाठणारा माणूस, आज त्याला बुडता येईना. म्हाळूला रडू कोसळलं.

"नापास," साहेब म्हणाले. मग वाकून त्यांनी म्हाळूच्या बाहीचा सांधा चाचपला. "हा जोड कुणी मारलाय? आमचे बारा सूट गळतायत."

"म्या," पोपटराव पुढे झाले.

"सोमवारपासून कामावर या. कायम."

साहेबांनी बाही सोडली. म्हाळू हळूहळू काठापासून लांब जाऊ लागला.

"पोपटराव, आदी माझी हवा काढा हो!"

"काढली असती रं," पोपटराव हळहळले, "पर आता म्या कंपनीचा मानूस, साहेबाची चिठ्ठी लागंल."