कोबेचा चढ, तळघर क्रमांक तीन

“चालायच्या सरावाला यायला अर्धा तास गाडीत, आन आता गाडी लावायला परत अर्धा तास! काय म्हणायचा ह्याला?” मागच्या सीटवरून शेजारची हुस्ना सरोजच्या कानाशी पुटपुटली. सरोजच्या नवऱ्याच्या, नंदूच्या कानावर जाऊ नये एवढ्याच आवाजात. पण गाडीच्या काचा बंद होत्या, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं आणि कोणीच ऐकलं नाही.

चालणे हा मुळात पार्किंगचा प्रश्न आहे. (इतर देशांत तो आरोग्याचा, संस्कृतीचा किंवा बस चुकल्याचा असू शकतो; कतारमध्ये तो पार्किंगचाच आहे.) इथे माणसाची कर्तबगारी त्याची गाडी दारापासून किती पावलांवर उभी राहते यावर ठरते. सरोजच्या फोनमध्ये पावलं मोजायची सोय आहे. ती दिवसाला सरासरी अकराशे चाळीस पावलं दाखवते, आणि त्यांतली तीनशे तोच फोन घरात शोधण्यात पडलेली असतात. अशा देशात बावीस वर्षं काढलेल्या कुटुंबाने शेजारणीसह जपानमधल्या कोबे नावाच्या बंदराच्या गावी, फक्त आपल्यापुरता गाइड ठरवून, चार तासांची आणि सात किलोमीटरची पायी सहल घ्यावी, याला साध्या मराठीत धाडस म्हणतात. नंदू त्याला ‘प्रोजेक्ट’ म्हणत होता.

नंदू रास लफानला गॅसच्या कारखान्यात सेफ्टी खात्यात आहे. पहाटे कंपनीच्या बसमध्ये बसणारा, जिन्याचा कठडा धरल्याशिवाय एक पायरी न उतरणारा, घरात कुकर उघडताना सगळ्यांना दोन मीटर मागे उभं करणारा सज्जन गृहस्थ. त्याच्या देखरेखीखाली कधी कोणाला काही झालं नाही, आणि एकाचं बोट चेमटलं तेव्हा त्याचा फॉर्म अगदी पूर्ण भरलेला होता. बावीस वर्षं त्याने गॅसची जहाजं भरून पूर्वेकडे जाताना पाहिली. जपानला जातात, एवढं ठाऊक होतं. मार्चमध्ये तो निवृत्त होणार. त्याआधी ती जातात ते गाव डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्याची इच्छा होती. त्यांतलं एखादं तरी जहाज नेमकं कोबेला लागलं का, हे मात्र त्याने ऑफिसात विचारलं नाही. उत्तर नकारार्थी आलं असतं तर बुकिंगचं काय करायचं?

सरोजला जहाजांचं काही नव्हतं. तिला हवा होता चढ. सहलीच्या माहितीपत्रकात एका टेकडीवरच्या गल्लीचा फोटो होता: दोन्ही बाजूंना जुन्या परदेशी व्यापाऱ्यांची घरं, आणि वर पोचलं की मागे वळून खाली सगळं बंदर. सरोज नाशिकची. लहानपणी दर रविवारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून वर जायची आणि खाली बघत पेरू खायची. कतारमध्ये मात्र जमीन इतकी सपाट, की बावीस वर्षांत उंचावरून काही पाहायचं तर विमान किंवा लिफ्ट. स्वतःच्या पायांनी चढून, धापा टाकत, मागे वळून खाली बघणं तिने शेवटचं कधी केलं होतं, ते तिलाही आठवत नव्हतं.

आता गुडघ्याविषयी.

सरोजचा उजवा गुडघा दीड वर्षापासून गेलेला आहे, हे घरात सर्वांना माहीत होतं, आणि म्हणूनच ते कोणी बोलत नव्हतं. (माहीत असलेली गोष्ट पुन्हा सांगण्यात वेळ का घालवा?) एक्स-रे काढायला हुस्नाच तिला गाडीतून घेऊन गेली होती. ‘बदलावा लागेल’ असं डॉक्टरांनी म्हटलं, तेव्हा हुस्ना त्याच खोलीत भिंतीवरचा डोळ्यांचा तक्ता अत्यंत मन लावून वाचत होती. एक्स-रेचा लिफाफा सरोजने कपाटात पैठणीखाली लपवला. तो नंदूने पाहिला आणि जसाच्या तसा परत ठेवला. मुलीने, रुचाने पाहिला, फोनमध्ये त्याचा फोटो काढला आणि परत ठेवला. लिफाफा प्रत्येक वेळी थोडा थोडा सरकत गेला आणि शेवटी दुसऱ्याच साडीखाली सापडला, त्यावरून सरोजला सगळं समजलं. तिनेही तो परत ठेवला.

कोबेच्या सहल कंपनीने फॉर्ममध्ये एक साधा प्रश्न विचारला होता. गाइड मियाके बाईंनी खाली आपल्या हाताने दोन ओळीही लिहिल्या होत्या: कोणाला चालायला त्रास असेल तर कृपया कळवा, आपण रस्ता बदलू, हळू जाऊ, मध्ये बसू. सेफ्टी न शिकलेल्या माणसाला हे वाचून हायसं वाटलं असतं. पण नंदूच्या धंद्यात धोका एकदा कागदावर आला की तो मिटेपर्यंत काम बंद ठेवावं लागतं. म्हणजे गुडघा लिहिला की सहल बंद. सरोजचा हिशोब याहून साधा होता: आपण बोललो तर हा माणूस लगेच सगळं रद्द करील, वर ‘मला काय, जहाजं कुठेही दिसतात’ असं म्हणेल आणि मार्चपर्यंत खिडकीत उभा राहील. त्यामुळे फॉर्ममध्ये उत्तर गेलं: ‘चारही सदस्य उत्तम चालतात.’

हे उत्तर खरं करून दाखवण्यासाठी नंदूने ‘कोबे पायी सहल : धोके व उपाययोजना’ असा दस्तऐवज तयार केला. चौथ्या आवृत्तीपर्यंत त्यात त्रेचाळीस धोके जमले. भूकंप. त्सुनामी. कावळे. सतरा बटणांचा संडास (उपाय: प्रशिक्षित व्यक्तीनेच हाताळावा). पादत्राणे कुठे काढायची याबाबत गोंधळ. हुस्नाने नमाजाची वेळ विचारणे. हुस्नाने नमाजाची वेळ न विचारता अचानक दिसेनासे होणे. रुचाचा मूड. अशी बारकाईची, अशी सर्वस्पर्शी यादी जगात फार थोड्या कुटुंबांकडे असेल. गुडघा त्यात नव्हता.

आणि म्हणून नोव्हेंबरातल्या या शुक्रवारी सकाळी, अल थुमामाच्या घरून गाडीने निघून, समुद्रकाठच्या द पर्ल वस्तीच्या धक्क्यावर ही मंडळी पूर्ण सहलीची रंगीत तालीम करायला जमली. नंदू स्वतः मियाके बाईंच्या भूमिकेत होता. त्याच्या हातात सेल्फी स्टिकला बांधलेला लाल रुमाल, आणि चौघांच्याही अंगात झगझगीत पिवळी जाकिटं.

“बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग,” रुचा म्हणाली. ती एकोणीस वर्षांची आहे. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं.

“अपघातानंतर जास्त एम्बॅरसिंग असतं,” नंदू म्हणाला. “चला, यल्ला. समोर कोबे बंदर.”

समोर श्रीमंतांच्या पांढऱ्या बोटी होत्या. जाकिटांचा परिणाम तत्काळ झाला. कॉफी पिणारी माणसं पाय आत घेऊ लागली. एका बाईंनी सरोजला थांबवून, कारंजं कधी दुरुस्त होणार, असं विचारलं. “इन्शाल्ला, रविवारी,” सरोज म्हणाली. बाई समाधानाने गेल्या. सरोजलाही बरं वाटलं. थांबायला एक खरंखुरं कारण मिळालं होतं.

त्यानंतरच्या सहाशे मीटरांत पथक नऊ वेळा थांबलं. कारणं पुढीलप्रमाणे: रुचाचा बूट चावणे (चार वेळा, त्यांत दोनदा डावा, दोनदा उजवा), हुस्नाला धाप लागणे (तीन वेळा), ‘परिसर निरीक्षण’ (एकदा, नंदू), आणि एक मांजर. सरोजमुळे थांबण्याची वेळ एकदाही आली नाही. हुस्ना रत्नागिरीकडची, रोज सकाळी कंपाउंडला सात फेऱ्या मारणारी बाई. तिची धाप बघण्यासारखी होती.

“थांबा हो नंदूभाय, माझा तर जीव गेला,” ती बाकावर बसत म्हणाली. “सरोज, तू पन बस गो. मना एकटीला बसायला लाज वाटता.”

“मी काय दमले नाहीये,” सरोज म्हणाली आणि बसली.

“तू कशाला दमतेस! घोडी हायस नुसती.”

“पण तुझ्यासाठी बसते.”

“माझ्यासाठीच बस.”

नंदूने घड्याळ पाहिलं. “वेळापत्रकात दहा मिनिटं जास्तीची धरलेलीच आहेत,” असं तो समुद्राकडे बघून म्हणाला. सरोजने त्याच्या पाठीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्याने कशातही जास्तीची दहा मिनिटं धरल्याचं तिला आठवत नव्हतं. तिला एकदम त्याची फार माया आली. आणि त्या मायेपोटीच ती उठली, आणि दुखणारा पाय आधी टाकून चालायला लागली.

यानंतर चढ. माहितीपत्रकातल्या चढाचा सराव कुठे करायचा, हा प्रश्न नंदूला तीन आठवडे पुरला होता. सपाट देशात चढ आणायचा कुठून? उत्तर सापडलं ते इमारतींच्या पोटात. या देशातले सर्व चढ गाड्यांसाठी राखीव आहेत. नंदूने एका इमारतीचं तीन मजली तळघर हेरून ठेवलं होतं. शुक्रवारी सकाळी तिथे वर्दळ नसते.

“हे तळघर क्रमांक तीन,” नंदूने लाल रुमाल उंच धरून जाहीर केलं. “म्हणजे टेकडीचा पायथा. तळघर दोनला जुनी घरं समजा. एकला व्ह्यू पॉइंट.”

“व्ह्यू ऑफ व्हॉट?” रुचाने विचारलं.

“बाहेर पडायच्या फाटकाचा.”

चढाच्या भिंतीवर ‘पादचाऱ्यांना मनाई’ असा फलक होता. नंदूने आयुष्यात प्रथमच असा फलक पाहिला आणि वाचला नाही. पथक चढू लागलं. सरोजने भिंतीला हात लावला. लगेच हुस्नानेही लावला, मग रुचाने, आणि शेवटी नंदूने. चार माणसं चाचपडत वर जाताना लांबून असं दिसत होतं, की वीज गेली आहे. तळघर दोनशी पोचायला अकरा मिनिटं लागली. तिथे नंदू म्हणाला, “उत्तम. आता उतरून परत एकदा. मला वेळ नीट घेता आली नाही.” हे खोटं होतं. एका मजल्याला अकरा मिनिटं, या वेगाने सात किलोमीटर चार तासांत बसत नव्हते, हे खरं होतं. पण बोलायचं कसं? त्यापेक्षा चढायचं सोपं. अशा रीतीने पथक तो चढ चार वेळा चढलं. चौथ्या वेळी सरोजच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ती सर्वांना हसून दाखवत होती. रुचा आईकडे पाहीनाशी झाली.

इतक्यात वरून इमारतीचा सिक्युरिटी गार्ड आला. नेपाळी, तरणा, आणि रिकामी व्हीलचेअर ढकलत.

“कॅमेरे में देखा, सर,” तो म्हणाला. “चार बार ऊपर-नीचे किया. मॅडम के लिए लाया हूँ.”

“कौनसी मॅडम?” नंदूने कडक आवाजात विचारलं.

गार्डने नुसतं सरोजकडे पाहिलं. तो बिचारा नवीन असावा.

“इट्स फॉर मी,” रुचा घाईने म्हणाली. “माय शूज.”

“ड्रिल चल रहा है,” नंदू म्हणाला. “कुछ नहीं हुआ है. किसी को भी.”

पण तोवर हुस्ना खुर्चीत बसलीही होती. “मेरे लिए हाय भाई! मेरे लिए. घुटने का प्रॉब्लेम हाय मेरेको, बहोत.”

‘घुटना’ हा शब्द दीड वर्षात प्रथमच कोणाच्या तरी तोंडून निघाला होता, आणि तोही एका धडधाकट बाईच्या. हुस्नाने जीभ चावली. मग नंदू भिंतीवरचं अग्निशामक तपासायला गेला. (त्याची तारीख बरोबर होती.)

आता खुर्ची आली, त्यात माणूस बसलं, म्हणजे ती कोणीतरी ढकलायला हवी. गार्डने हात पुढे केला, पण सरोज त्याच्याआधी पोचली. खुर्चीच्या मुठी धरायला भिंतीपेक्षा बऱ्या होत्या. आणि मग पाचव्यांदा, आणि या वेळी पूर्ण वरपर्यंत जायचं ठरवून, सहल निघाली: पुढे लाल रुमाल, त्यामागे रोज सात फेऱ्या मारणारी हुस्ना खुर्चीत अंग चोरून बसलेली, तिला चढावर ढकलणारी एका गुडघ्याची सरोज, बाजूला बूट हातात घेतलेली रुचा, आणि सर्वांत मागे तोंड उघडं टाकलेला गार्ड. अर्ध्या चढावर खुर्ची मागे रेटायला लागली. सरोजने नेट लावला. गुडघ्यात काहीतरी कट्‌कन वाजलं. तळघरात आवाज घुमतो. तो सगळ्यांना ऐकू आला. नंदू रुमाल सरळ करू लागला. हुस्नाने डोळे मिटून घेतले. रुचा खाली बसून, हातात असलेल्या बुटाची नाडी बांधू लागली.

या मंडळींचं हसू येणं स्वाभाविक आहे. मात्र एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. सरोजचा गुडघा वाचकांनाही मघापासून ठाऊक आहे. चांगल्या पायांची बाई बसली आहे आणि मोडक्या पायाची तिला चढावर ढकलते आहे, हे त्यांनी डोळ्यांनी वाचलं, आणि ‘अगो, ऊठ’ असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. सगळे पुढची ओळ वाचायला निघाले.

सरोजने खुर्चीचा ब्रेक लावला. मुठींवर दोन्ही हात टेकले.

“हुस्ना, ऊठ,” ती म्हणाली. “मला चालवत नाही. अहो, ऐकलंत का? मला चालवत नाही. आणि मला कोबेला जायचंय.”